पाळण्यातले नाव आणि दाखल्यावरचे नाव : गोदाकाठच्या एका मुलीच्या नामकरणाचे प्रकरण

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी 2024 च्या पावसाळ्यात एका घरात पहिली मुलगी जन्मली. जन्मवेळ पाहून गुरुजींनी स्वाती नक्षत्राचा पहिला चरण काढला आणि 'रू' हे अक्षर दिले. त्या अक्षरावरून नावांची यादी होण्याआधीच मुलीच्या वडिलांनी 'रुणझुण' हे नाव उच्चारले आणि त्यावर ते ठाम राहिले. नाव गोड आहे याबद्दल घरात कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो हे नाव मुलीला तिसाव्या, पन्नासाव्या, सत्तराव्या वर्षी पेलेल का, यावर. आणि तो मिटायला जवळजवळ नऊ महिने लागले. शेजारी आणि निवृत्त शिक्षक या दुहेरी नात्याने मी त्या चर्चेत होतो. कुटुंबाच्या संमतीने ती येथे नोंदवत आहे. माणसांची नावे गाळली आहेत. मुलीचे मात्र बदललेले नाही, कारण ते बदलले तर प्रकरणच उरत नाही.

वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. नाव त्यांना सुचले ते मुलीच्या आजोबांमुळे. आजोबा वारकरी असून, ज्ञानेश्वर महाराजांची भ्रमराला उद्देशून असलेली विरहिणी पहाटे म्हणण्याचा त्यांचा परिपाठ आहे, आणि तिच्या आरंभीचा 'रुणुझुणु' हा नाद वडिलांच्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. आजोबांना नाव अर्थातच आवडले. आजीचा ओढा 'रुक्मिणी'कडे होता, कारण तिच्या सासूबाईंचे नाव रखमाबाई होते आणि घरातले नाव घरात परत यावे अशी तिची इच्छा होती. "पोरीचं नाव हाय का पैंजणाचा आवाज? हाक मारावं तर जीभ अडकायली," असे ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. नाव ठेवण्याचा मान जिचा, ती आत्या लातूरच्या एका पतसंस्थेत काम करते. तिला नावाच्या गोडव्यापेक्षा त्याच्या स्पेलिंगची चिंता होती. आई मात्र सुरुवातीला काहीच बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यामागे जे होते त्यानेच पुढे या प्रकरणाला वळण दिले.

आईचे शिक्षण डी.एड., बी.एड. झालेले आहे. लग्नाच्या दिवशी ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीने तिचे सासरचे नाव लिहिले गेले आणि तेव्हापासून घरात, गावात, पुढे आधार कार्डावर व बँकेच्या पासबुकावरही तेच चालू झाले. दहावीपासून बी.एड.पर्यंतची सर्व प्रमाणपत्रे अर्थातच माहेरच्या नावाची आहेत. एका भरतीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी आली तेव्हा या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिला विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि शेवटी राजपत्रातील प्रसिद्धी अशी सगळी पायपीट करावी लागली. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. हे तिला कळले तेव्हा नाव बदलून झाले होते. म्हणून जेव्हा ती बोलली तेव्हा एवढेच म्हणाली की, "नाव कोणतंही ठेवा, पण ते पुन्हा कोणी बदलणार नाही असं ठेवा."

माझ्या मते प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे. मुलीला तिचे नाव आयुष्यभर शोभेल का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. आजीच्या पिढीपर्यंत मुलीच्या माहेरच्या नावाचे आयुष्य बहुतेक घरांत मांडवापर्यंतच असे. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या आणि रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच होत्या. दोघींचीही सासरची नावे इतिहासात राहिली. सयाजीराव गायकवाडांच्या दुसऱ्या पत्नी माहेरच्या गजराबाई. लग्नानंतर त्यांना दिवंगत पहिल्या पत्नीला दिलेले 'चिमणाबाई' हेच नाव मिळाले. जे नाव दहा-पंधरा वर्षेच वापरायचे, ते नदीचे असो, नवसाचे असो की नुसते लाडाचे असो, फारसे बिघडत नसे. मुलाचे नाव मात्र सातबाऱ्यापर्यंत जायचे असल्याने तेथे आजोबा-पणजोबांची नावे पुन्हापुन्हा येत. पंचांगाचे अक्षर, थोरल्या बहिणीच्या नावाशी यमक, कानाला गोड लागणे, या ज्या कसोट्यांवर आपण आजही मुलीचे नाव पारखतो, त्यांत नाव किती वर्षे टिकावे याचा विचारच नाही. आता मुलगी शिकणार, तिच्या नावाने दाखले निघणार, 2005 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत तिचा जन्मापासून हक्क असल्याने सातबाऱ्यावरही तिचे नाव चढणार, आणि आईचे म्हणणे पाळले गेले तर लग्नातही ते बदलणार नाही. एवढ्या लांबच्या वाटेसाठी नाव निवडायचे तर जुनी मापे अपुरी पडणारच.

त्या दृष्टीने पाहिल्यास सर्वांत मोठ्याने घेतले गेलेले आक्षेप मला सर्वांत कच्चे वाटले. शाळेत मुले चिडवतील, 'रुणझुण झुणका' म्हणतील, असे मामांनी सांगितले. मुले चिडवणारच, चाळीसेक वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाला ठाऊक असते की ज्याला यमक जुळत नाही असे नाव अजून कोणी ठेवलेले नाही, आणि ज्या मुलाला वर्गात मित्र असतात त्याचे चिडवणे महिन्याभरात विरते. दुसरा आक्षेप वयाचा होता. रुणझुण नावाची म्हातारी कशी दिसेल, यावर घरात बरेच हसणे झाले. परंतु आपल्याच गावात चिमाबाई, तान्हूबाई, सोनूबाई या नावांच्या आज्या होऊन गेल्या, आणि लहानपणाचा लाड उघड सांगणारी ती नावे सत्तराव्या वर्षी कोणाला विचित्र वाटली नाहीत, कारण तोवर नावाला बाईने स्वतःचा अर्थ दिलेला होता. वर उल्लेखिलेल्या महाराणी चिमणाबाईंनी 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. त्या व्यासपीठावर 'चिमणा' हे नाव कमी पडले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

अपरिचितपणाचेही तसेच. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या हजेरीपटांत सुनीता, मंगल, छाया, शोभा अशी नावे होती. शेवटच्या वर्षांत आर्या, श्रावणी, ईश्वरी आल्या, आणि एका वर्गात तीन-तीन आर्या झाल्यावर आडनावाच्या अक्षरावरून हाक मारण्याची वेळ आली. ज्या नावांना आज आपण साधी म्हणतो त्यांतील बरीच आपल्या खेड्यांत एकदा नवी आणि शहरी वाटलेली आहेत. 'रुणझुण मॅडम', 'वकील रुणझुण' असे आम्ही मुद्दाम मोठ्याने म्हणून पाहिले. पहिल्या आठवड्यात हसू आले, तिसऱ्या महिन्यात आले नाही. यावरून ते हसू आमच्या कानाच्या सवयीतून येत होते, नावाकडे त्याचा दोष जात नव्हता, असे मी समजतो.

आजीचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतला, जरी घरातल्या शिकलेल्या मंडळींनी तो हसण्यावारी नेला होता. मराठीत मुलींची बहुतेक नावे आकारान्त किंवा ईकारान्त असतात आणि त्याला व्यवहाराचे कारण आहे. शेताच्या बांधावरून, वाड्याच्या जोत्यावरून हाक मारताना शेवटचा स्वर लांबवता येतो. रुणझुणच्या शेवटी 'ण' आहे. तो लांबवता येत नाही, तोंडातच मिटतो. शिवाय आपल्याकडे लाडाने किंवा रागाने हाक मारताना नावाचे टोक एकारान्त होते, मंगलची मंगे होते, सुमनची सुमे होते. तशी रुणझुणची 'रुणे' होणार हे ठरलेलेच होते, आणि झालीही. ग्रामीण बोलीत 'ण'चा 'न' होतो, तेव्हा आजीच्या तोंडी ते 'रुनझुन' असेच राहिले. म्हणजे घराच्या उंबऱ्याच्या आतच नावाची तीन रूपे तयार झाली होती. नाव चांगले की वाईट हे ठरवताना ज्या जिभांना ते रोज उच्चारायचे आहे त्यांचे मत घेतले पाहिजे, आणि या घरात सर्वांत जास्त हाका मारणारी जीभ आजीचीच होती.

आता कागद. आत्याचे म्हणणे असे होते की रुणझुणमधली दोन्ही महत्त्वाची अक्षरे रोमन लिपीत गेली की हरवतात. 'ण'साठी रोमनमध्ये वेगळे अक्षर नाही. 'झ'साठी कोणी 'झेड' लिहितो, कोणी 'जे-एच', कोणी नुसताच 'जे'. पहिल्या 'ण'नंतर 'ए' घालायचा की नाही हा आणखी एक फाटा. अर्ज संगणकावर भरताना एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत आपोआप उमटते आणि समोर बसलेल्याने लक्ष दिले नाही तर 'रुणझुण'चे 'रुंझुन' होऊन तेच पुढे छापले जाते. पतसंस्थेत खाते उघडायला येणाऱ्या माणसांपैकी आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे स्पेलिंग असलेली माणसे तिला नेहमी भेटतात, आणि साधी, ओळखीची नावेही त्यातून सुटत नाहीत. आजोबांनी यावर आपल्या कपाटातला निजामकाळातला जमिनीचा एक कागद काढून दाखवला. हैदराबाद संस्थानाचे दप्तर उर्दूत होते आणि उर्दू लिपीत 'ण' नाही. आजोबांच्या आजी कृष्णाबाई त्या कागदावर 'किशनाबाई' अशा वाचल्या जातात. मराठवाड्यातल्या बाईच्या नावातला 'ण' दप्तरात हरवण्याची ही पहिली खेप नव्हती, एवढे त्यावरून दिसले. आजोबांचा हेतू आत्याला धीर देण्याचा होता. आत्याला तो पुरावा आपल्याच बाजूचा वाटला.

ही चिंता आज पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये 2023 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट, विवाहनोंदणी अशा कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा आहे. पूर्वी गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात लिहिले ते नाव आणि त्यांनीच ठरवलेली 1 जून ही जन्मतारीख घेऊन माणसे निवृत्त होत. ती ढिलाई आता राहिली नाही. त्यात महाराष्ट्र शासनाच्या मार्च 2024 च्या निर्णयाने 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. चार शब्दांच्या नावात पहिला शब्द जितका अडनिडा, तितकी चुकीची शक्यता वाढते. या क्रमाचे आईला मात्र समाधान वाटले. मुलीच्या नावाशेजारी आता तिचे स्वतःचे नाव बसणार होते, आणि त्यासाठी आपले कोणते नाव लिहायचे हा प्रश्न तिने राजपत्राच्या वेळीच सोडवून ठेवला होता.

एवढे सगळे बोलणे शांतपणे होऊ शकले याचे श्रेय एका तरतुदीला आहे, आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण त्या वेळी बाळाचे नाव द्यावेच लागते असे नाही. नाव न लिहिता नोंद करता येते आणि नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांत ते विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. उलट एकदा लिहिलेले नाव केवळ मन बदलले म्हणून सहजासहजी बदलत नाही. लेखनातली चूक दुरुस्त होते, निवड नाही. रुग्णालयातून घरी येताना अर्जावरच्या रकान्यात घाईने नाव भरण्याची आपल्याकडची रीत मला म्हणूनच चुकीची वाटते. या कुटुंबाने तो रकाना रिकामा ठेवला. सव्वा महिन्याने बारसे झाले, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरले, आत्याने कानात कुर्रर्र करून 'रुणझुण' सांगितले, पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. नाव पाळण्यात पडले, दाखल्यावर अजून पडायचे होते.

मधल्या महिन्यांत जे घडले त्याचा उपयोग झाला. लसीकरणाच्या कार्डावर परिचारिकेने 'रुणझून' लिहिले, अंगणवाडीच्या नोंदीत 'रुंजुन' झाले, एका औषधाच्या चिठ्ठीवर 'रुजून' आले. तिन्ही ठिकाणी नाव तोंडी सांगितले होते, लिहून दिलेले नव्हते. आत्याने पुढच्या भेटीसाठी नाव टंकलिखित करून वडिलांच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावले आणि त्यानंतरच्या नोंदी बरोबर निघाल्या. म्हणजे दोष होता तो खरा होता, पण त्याला उपाय होता. हैदराबादला राहणाऱ्या मावशीच्या शेजारणींना नाव सांगावे लागले नाही. हिंदीत 'रुनझुन' परिचित असल्याने त्यांनी ते एकदाच ऐकून उचलले. ज्या मुलीला पुढे लातूरला शिकवणीला, पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला जायचे आहे, तिच्यासाठी ही जमेची बाजू होती आणि ती कोणीच आधी धरलेली नव्हती.

पर्यायांची छाननीही याच काळात झाली. 'ऋजुता' हे नाव भारदस्त म्हणून पुढे आले. मराठी तोंडात 'ऋ' हा 'रु' होत असल्याने गुरुजींनाही ते चालत होते. परंतु हिंदी भाषक त्याला 'रिजुता' म्हणणार आणि रोमनमध्ये त्याची दोन स्पेलिंगे होणार, म्हणजे रुणझुणवर घेतलेला आक्षेप त्यालाही लागू होता. फक्त ते गंभीर दिसत असल्याने कोणी घेतला नव्हता. कोणीतरी 'रुंजी' सुचवले. नाद तोच, शेवटी लांबवता येणारा स्वर, लिहायला सोपे. आईने ते एका वाक्यात नाकारले: रुंजी नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी भोवती घातली जाते.

मी स्वतः दिलेला सल्ला असा होता की दाखल्यावर 'रुक्मिणी' लिहावे आणि घरात रुणझुण चालू ठेवावे. आजीचे मन राहील, नाव सर्वांना लिहिता येते, आणि पाळण्यातले नाव वेगळे व कागदावरचे वेगळे ही आपली जुनी, निभावून नेणारी पद्धत आहे. आईने याला ठाम नकार दिला. एका बाईची दोन नावे असण्याचा अनुभव तिने घेतला होता आणि मुलीच्या बाबतीत त्याची सुरुवात आपल्या हाताने करायला ती तयार नव्हती. लाडाचे नाव कधी प्रतिज्ञापत्रात येत नाही, असे मी म्हणून पाहिले. त्यावर तिने अंगणवाडीच्या नोंदीतले 'रुंजुन' दाखवले. अंगणवाडीतले नाव पहिलीच्या प्रवेशअर्जात कसे शिरते हे मी अनेक वर्षे पाहिलेले असल्याने त्या मुद्द्यावर मला पुढे बोलता आले नाही.

माझी एक शंका राहिली आणि ती अजूनही आहे. रुणझुण हा दुसऱ्या कशाचा तरी आवाज आहे, पैंजणाचा किंवा भुंग्याचा, आणि मोठ्या बाईला आपले नाव सांगताना समोरचा त्यातला पैंजणच आधी ऐकेल. आजोबांच्या मते ज्याला विरहिणी ठाऊक आहे तो भुंगा ऐकेल. तशी माणसे किती भेटतील याबद्दल त्यांचा आणि माझा अंदाज जुळत नाही.

नवव्या महिन्यात आईवडील नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात गेले आणि 'रुणझुण' हेच नाव नोंदवून आले. त्याआधी घरात दोन गोष्टी ठरल्या होत्या. मुलीच्या लग्नात तांदळावर दुसरे नाव लिहिले जाणार नाही, हे आजीने आपणहून कबूल केले; त्या बदल्यात पुढे दुसरी मुलगी झाली तर रुक्मिणी नाव ठेवण्याचा शब्द तिने घेतला, अक्षर कोणतेही येवो. दुसरी गोष्ट रोमन स्पेलिंगची. वडिलांना 'झेड' हवा होता, कारण मराठी उच्चार त्याने जवळ जातो. आत्याने 'जे-एच'चा आग्रह धरला, कारण महाराष्ट्राबाहेरचा माणूस तेच लिहील. आत्याचे मान्य झाले. दाखल्याची मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपे खिडकीपाशीच अक्षर न् अक्षर वाचून घेतली गेली, आणि बाल आधारचा अर्ज त्याच दाखल्याची प्रत समोर ठेवून भरला गेला.